सव्वा महिना थांबू नका, ताई

‘मॅडम, नमस्कार. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी, चोपडा तालुक्यात आले आहे. मुलगा नऊ दिवसांचा झाला. वजन दोन किलो सातशे, दूध चांगलं ओढतो. पण त्याचा डावा डोळा नीट उघडत नाही. वरच्या आणि खालच्या पापणीच्या मध्ये दोन बारीक दोरे आहेत, कातडीसारखे. डोळा थोडा फाकतो, आतलं काळं बुबुळ दिसतं, पण पूर्ण उघडत नाही. दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, दोरे कापावे लागतील. सासूबाई म्हणतात, सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, आणि तान्ह्या लेकराच्या डोळ्याला कातर तर मुळीच लावायची नाही. कुत्र्या-मांजराच्या पिल्लांचे डोळे उघडतात, तसा हाही ‘आपेआप उघडी जाई’. मी ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून असं झालं, असंही त्यांचं म्हणणं आहे. मला नक्की आठवत नाही, पण रात्री सारखं तेच मनात येतं. माझी एक मैत्रीण शहाद्याला दिली आहे. तिच्या मुलीची एक पापणी जन्मापासून खाली आलेली आहे आणि दूध पिताना वर-खाली उडते. तिला डॉक्टरांनी सांगितलं, चार-पाच वर्षांची होऊ द्या, मग ऑपरेशन करू. मग मलाच एवढी घाई का सांगतात? आणि माझ्या मुलाचा मेंदू ठीक असेल ना?’

ताई, तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी ‘उद्या सकाळीच जळगावला निघा’ एवढं मी तुम्हाला कळवलं होतं. त्यामागची कारणं इथे सविस्तर लिहिते. घरच्यांशी बोलताना ती तुमच्या हाताशी असू देत. शिवाय धुळ्या-नंदुरबारकडे दुसऱ्या एखाद्या घरात आज हेच बोलणं चाललेलं असू शकतं.

तुम्ही जे वर्णन केलं आहे ते इतकं नेमकं आहे की ते वाचताना डोळा समोर दिसला. कागदावर डॉक्टरांनी कदाचित ‘ए. एफ. ए.’ लिहिलं असेल. पूर्ण नाव अँकिलोब्लेफरॉन फिलिफॉर्मे अ‍ॅडनेटम. नाव ऐकून घाबरू नका. पापण्यांच्या कडा बारीक धाग्यांनी एकमेकींना जोडलेल्या राहिल्या, एवढाच त्याचा अर्थ. फॉन हास्नर नावाच्या नेत्रवैद्याने १८८१ साली याचं वर्णन केलं. लाख जन्मांमागे चार-पाच बाळांत हे आढळतं असा अंदाज दिला जातो. म्हणजे एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना वर्षानुवर्षं असं बाळ दिसायचं नाही. तुमच्या डॉक्टरांनी ते सुट्टीच्या आधीच ओळखलं आणि योग्य जागी जायला सांगितलं. त्यांचं ऐका.

आधी ग्रहणाबद्दल, कारण तुमची झोप त्याने उडाली आहे. गर्भात पापण्या तयार होतात त्या दुसऱ्या महिन्यात. वरून एक आणि खालून एक अशा दोन घड्या वाढत येतात आणि तिसऱ्या महिन्यात एकमेकींना चिकटतात. हे प्रत्येक बाळाच्या बाबतीत घडतं. तुमच्या, माझ्या, सासूबाईंच्याही पापण्या तेव्हा पूर्ण चिकटलेल्या होत्या. त्या चिकटलेल्या पापण्यांच्या आड डोळा सुरक्षित वाढतो. पाचव्या महिन्यापासून त्या हळूहळू सुटायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत मोकळ्या होतात. साडेपाच महिन्यांतच जन्मलेली अगदी अपुऱ्या दिवसांची बाळं येतात, त्यांच्या पापण्या काही वेळा मिटून चिकटलेल्याच असतात. नवजात शिशू विभागातल्या सिस्टरांना विचारलंत तर त्या सांगतील. तुमच्या मुलाच्या पापण्या सुटल्या, पण दोन ठिकाणी सुटायच्या राहिल्या. विळीचा, सुरीचा, सुईचा यात कुठेही संबंध येत नाही. त्या ग्रहणाच्या दिवशी खानदेशात हजारो गरोदर बायकांनी भाकरी थापली असेल, भाजी चिरली असेल, कापूस वेचला असेल. त्यांच्या बाळांचे डोळे उघडे आहेत. ग्रहणात तुम्ही भाजी चिरली की नाही हे आठवत बसण्याची गरज नाही, ताई. चिरली असली तरी काही बिघडलं नाही.

आता पिल्लांच्या डोळ्यांची गोष्ट. सासूबाईंचं निरीक्षण खरं आहे, कुत्री-मांजरांची पिल्लं मिटल्या डोळ्यांनी जन्मतात आणि आठ-पंधरा दिवसांत त्यांचे डोळे उघडतात. त्यांच्यात पापण्या सुटण्याचं काम जन्मानंतर पुरं होतं. माणसाच्या बाळात ते पोटातच संपलेलं असतं. जन्मानंतरही जे जोडलेलं राहतं ते जिवंत ऊतक असतं, त्यात बारीक रक्तवाहिनी असते, वरून पातळ त्वचेचा थर असतो. असे धागे क्वचित कधी आपसूक तुटल्याची उदाहरणं आहेत. पण त्या आशेवर बसायला तुमच्या बाळाकडे वेळ नाही, आणि तेच मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे.

डोळा पाहतो असं आपण म्हणतो, पण पाहायला शिकतो तो मेंदू. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत दोन्ही डोळ्यांकडून प्रकाश आणि आकार येत राहिले तरच मेंदूतला दृष्टीचा भाग नीट घडतो. एका डोळ्यावर आडोसा राहिला तर मेंदू दुसऱ्या डोळ्यावर विसंबायला लागतो आणि झाकलेल्याकडे दुर्लक्ष करतो. यालाच आपण ‘आळशी डोळा’ म्हणतो. पुढे आडोसा काढला, डोळा अगदी निरोगी निघाला, तरी त्याला नीट दिसत नाही. एका डोळ्यात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या अनुभवातून हे पक्कं कळलं आहे. त्यांचं ऑपरेशन साधारण सहा आठवड्यांच्या आत झालं तर दृष्टी चांगली येण्याची शक्यता जास्त असते, उशीर होत गेला तसतशी ती कमी होते. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. सव्वा महिना म्हणजे सदतीस-अडतीस. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला घरात ठेवण्याचा जो काळ ठरलेला आहे, तो जवळजवळ पूर्णच्या पूर्ण या काळावर येऊन पडतो. आराम, ऊब, येणाऱ्या-जाणाऱ्यांपासून जपणूक या सगळ्यासाठी तो काळ चांगलाच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण डोळ्यासाठी तोच मोलाचा आहे.

तुमच्या मुलाचा डोळा पूर्ण झाकलेला नाही, बुबुळ दिसतंय, म्हणजे थोडा प्रकाश आत जातोय. ही चांगली गोष्ट आहे. तरीही घाई करायची ती आणखी एका कारणासाठी. धागे आहेत तोवर आतला डोळा कुणालाच नीट तपासता येत नाही. बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, स्वच्छ आहे का? तिचा आकार दुसऱ्या डोळ्याइतकाच आहे का? आत मोतीबिंदू नाही ना? काचबिंदू नाही ना? तान्ह्या बाळाचाही डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि अशा धाग्यांसोबत काचबिंदू असल्याची काही उदाहरणं नोंदलेली आहेत. बहुतेक बाळांत आतला डोळा ठणठणीत निघतो. पण ते बघितल्यावरच म्हणता येतं.

कातरीची भीती घरात सगळ्यांनाच आहे, म्हणून प्रत्यक्षात काय करतात ते सांगते. बाळाला दूध पाजून, मऊ कापडात हातपाय आत घेऊन घट्ट गुंडाळतात. सिस्टर दोन्ही तळव्यांत डोकं स्थिर धरते. डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकतात. मग डोळ्यांच्या स्नायूंच्या ऑपरेशनला वापरतात तो बोथट आकडा धाग्याच्या खालून सरकवतात, म्हणजे धागा वर उचलला जातो आणि खालच्या बुबुळापासून लांब राहतो. त्या आकड्यावरच बारीक, गोल टोकाच्या कातरीने धागा कापतात. रक्त आलंच तर एखादा ठिपका, कापसाने क्षणभर दाबलं की थांबतं. टाके नसतात. धागे अरुंद असतील तर पूर्ण भूल लागत नाही. पट्टा रुंद असेल, कातडी बरीच जोडलेली असेल, तर मात्र ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन करतात. तुम्ही ‘दोरे’ म्हणता आहात त्यावरून तुमच्याकडे तशी वेळ येऊ नये, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी, तपासून. नंतर काही दिवस अँटिबायोटिकचं मलम. बाळ रडेल, पण बरंचसं त्याला गुंडाळून धरलं म्हणून. लगेच छातीशी घेतलंत की शांत होईल.

एक विनंती हात जोडून करते. हे घरी कुणी करू नये. नख, ब्लेड, दोऱ्याने आवळून तोडणं, कुणी जाणती सुईण येऊन ओढून काढणं, काहीही नको. धाग्याच्या दुसऱ्या टोकाला पापणीची कड आहे. ती फाटली तर पापणीचे केस आत वळून जन्मभर बुबुळाला घासू शकतात.

तुम्ही मेंदूबद्दल विचारलंत, त्याचं उत्तर टाळणार नाही. पुष्कळ बाळांत हे धागे एकटेच असतात, बाकी बाळ निरोगी. पण काही बाळांत ते दुसऱ्या कशाच्या तरी सोबतीने येतात, म्हणून चांगले डॉक्टर धागे दिसले की संपूर्ण बाळ डोक्यापासून पायापर्यंत बघतात. टाळू फाटलेली आहे का, हृदयाचा आवाज नीट आहे का, पाठीच्या कण्यावर गाठ नाही ना, शीची जागा मोकळी आहे का, बोटं जोडलेली नाहीत ना, गुडघ्यामागे कातडीचा पडदा नाही ना, त्वचा, केस, नखं कशी आहेत. टाळू आणि त्वचा दोन्हींवर परिणाम करणारा हे-वेल्स नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे, त्यात असे धागे दिसतात. १८व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असण्याच्या एडवर्ड्स सिंड्रोममध्येही दिसतात, पण त्यातली बाळं बहुतेक वेळा वजनाने फार कमी असतात, दूध नीट ओढत नाहीत आणि हृदयात दोष असतो. तुमचं बाळ दोन किलो सातशेचं आहे, जोरात दूध ओढतंय. टाळू फाटलेली असती तर बहुतेक वेळा त्याला नीट ओढता आलं नसतं, दूध नाकातून आलं असतं. पत्रावरून निदान करायचं नसतं, पण तुम्ही लिहिलेलं सगळं आशा वाढवणारंच आहे. जळगावला बालरोगतज्ज्ञांनाही त्याच फेरीत दाखवा. हृदयाचा थोडाही वेगळा आवाज आला तर ते इको सांगतील. छातीवर जेल लावून केलेली सोनोग्राफी असते ती, बाळाला काही दुखत नाही.

आता तुमच्या मैत्रिणीची मुलगी. तुम्ही फार चांगला प्रश्न विचारलात, एकाला घाई आणि दुसरीला थांबा असं का. दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत, पण ‘थांबा’ या शब्दातून घरी काय समजून घेतलं गेलं त्याची मला काळजी वाटते.

तिच्या मुलीची पापणी दूध पिताना उडते, यावरून हा मार्कस गन प्रकार असावा. लंडनच्या या नेत्रवैद्याने १८८३ मध्ये त्याचं वर्णन केलं. पापणी उचलणाऱ्या स्नायूला एक ठरलेली नस येते. या मुलांत जबडा हलवणाऱ्या नसेचा एक फाटा चुकून त्या स्नायूला जाऊन मिळालेला असतो. म्हणून बाळ चोखायला लागलं, जबडा हलला की खाली आलेली पापणी झटकन वर जाते आणि परत खाली येते. बघणाऱ्याला विचित्र वाटतं, शेजारीपाजारी काही तरी बाहेरचं आहे म्हणतात. त्यात बाहेरचं काही नाही, एका नसेची वाट बदललेली आहे. आकडी किंवा झटक्याचाही हा प्रकार नव्हे. वय वाढतं तसं पुष्कळ मुलं जबडा कसा हलवायचा हे नकळत शिकतात आणि ते उडणं कमी लक्षात येतं.

पापणी जन्मतःच खाली आलेल्या बहुतेक मुलांत मात्र नसेचा दोष नसतो, पापणी उचलणारा स्नायूच नीट तयार झालेला नसतो. कोणतं ऑपरेशन करायचं हे त्या स्नायूत किती जोर आहे यावर ठरतं, आणि तो जोर मोजायची रीत साधी आहे. भुवई अंगठ्याने दाबून धरायची, मुलाला आधी खाली आणि मग वर बघायला सांगायचं, आणि पापणीची कड किती मिलिमीटर वर सरकली ते पट्टीवर वाचायचं. जोर बऱ्यापैकी असेल तर तोच स्नायू आखूड करून घट्ट करतात. चार मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला आतून टांगतात, सिलिकॉनच्या बारीक दोरीने किंवा मांडीतून काढलेल्या पट्टीने. आठ महिन्यांची पोर ‘वर बघ, खाली बघ’ ऐकणार नाही, आणि तिच्या मांडीतून पट्टी काढण्याइतका पाय वाढलेला नसतो. म्हणून तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबतात.

पण हे थांबणं फक्त पापणी बाहुलीच्या वर असेल तोवरचं. पापणीने बाहुली झाकली, तर तिथेही आळशी डोळ्याचा तोच धोका, आणि मग वर्षाच्या आतसुद्धा तात्पुरती दोरी घालून पापणी वर उचलतात. पापणीच्या दाबाने त्या डोळ्याला सिलिंडर नंबरही, म्हणजे बुबुळावरच्या काचेचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्याने लागणारा चष्म्याचा नंबर, येऊ शकतो, आणि बाहुली मोकळी दिसत असली तरी त्या नंबराने डोळा आळशी होऊ शकतो. मुलगी हनुवटी वर करून, मान मागे टाकून बघते का, हे तुमच्या मैत्रिणीला विचारा. तसं करत असेल तर ती पापणीखालून वाट काढतेय, आणि तो डोळा वापरते आहे असंही त्यातून कळतं. मान सरळ ठेवून एकाच डोळ्याने भागवत असेल, तर उलट जास्त काळजी. तिने दर तीन-चार महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. बाहुली मोठी करणारा थेंब टाकून नंबर तपासून घ्यायला हवा, लागला तर एवढ्याशा मुलीलाही चष्मा लावायला हवा, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी. ऑपरेशन पाचव्या वर्षी, तपासणी आतापासून. तिला हे तुम्हीच फोन करून सांगा. पाच वर्षांची झाली की दाखवू म्हणून घरी थांबलेली मुलं मी बघितली आहेत. त्यांची पापणी वर करता आली, नजर मात्र परत आणता आली नाही.

घाई आणि धीर यांचा हिशेब पापण्यांच्या बाकी दोषांतही असाच लागतो. काही बाळांना वरच्या पापणीत खाच असते, नाकाकडच्या बाजूला तुकडा काढून घेतल्यासारखी. याला कोलोबोमा म्हणतात. तिथे धोका वेगळा, डोळा मिटला तरी बुबुळाचा एक भाग उघडा राहतो, वाळतो, त्याला जखम होते आणि पांढरं फूल पडू शकतं. आपल्याकडच्या उन्हात, एप्रिल-मेच्या गरम वाऱ्यात तर ते पटकन वाळतं. अशा बाळाला पहिल्या दिवसापासून दिवसातून अनेकदा ओलावा देणारे थेंब आणि रात्री मलम लागतं. लहान खाच असेल तर पुढे काही महिन्यांनी दोन्ही कडा जवळ आणून शिवतात, मोठी असेल किंवा बुबुळ वाळायला लागलं असेल तर लवकर, आणि ऑपरेशनही मोठं. त्या बाळाच्या कानापुढे कातडीचे छोटे कोंब असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून दाखवायचे, गोल्डेनहार नावाच्या दोषात ही जोडी येते.

याच्या उलट, जन्मतः दोन्ही वरच्या पापण्या उलट्या वळलेल्या आणि आतलं लालभडक मांस सुजून बाहेर आलेलं असं एखादं बाळ येतं. बघून बाया किंचाळतात. पण पापण्या ओलसर ठेवून, मिठाच्या तीव्र द्रावणाच्या घड्या ठेवून, मलम आणि हलकी पट्टी बांधून त्या बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा दोन-चार आठवड्यांत जागेवर येतात, चाकू क्वचितच लागतो. दवाखान्यात नेणं मात्र तिथेही त्याच दिवशीचं.

घरी काय करायचं, ते आता. काजळ घालू नका, धागे कापण्याआधी नको आणि नंतरही नको. घरच्या वाटीत तुपाच्या दिव्यावर धरलेलं असलं तरी नको. बोटाने काजळ भरताना नख लागतं, जंतू जातात, आणि बाजारच्या काही काजळांत शिसं सापडलेलं आहे. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची तर तळपायाला लावा. डोळ्यात आईचं दूध, मध, एरंडेल, कशाचाही थेंब नको. पाणी उकळून गार करा, स्वच्छ कापूस त्यात भिजवून पिळा आणि नाकाकडून कानाकडे एकदाच अलगद पुसा, मग तो कापूस टाका. धाग्याला धरून ओढू नका. डोळ्यातून पिवळा पू आला, पापणी सुजून लाल झाली, बुबुळ धुरकट किंवा दुसऱ्यापेक्षा मोठं दिसलं, बाळ उजेडाकडे डोळे घट्ट मिटून रडायला लागलं, तर तो तातडीचा प्रसंग. वेळ न बघता दवाखाना गाठायचा.

जाण्याची व्यवस्था तुम्हाला वाटते तेवढी अवघड नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात मोफत उपचार आणि नेण्या-आणण्याचं वाहन मिळतं, १०२ नंबरची गाडी त्यासाठीच आहे. तुमच्या आशाताई बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतातच, चौदाव्या दिवसाची वाट न बघता त्यांना आजच बोलवा, गाडीचं त्या जमवतील. जन्मजात दोषांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यांच्या पथकाकडेही बाळाची नोंद करून घ्या, पुढच्या तपासण्यांना उपयोग होतो. जळगावला लोक अजून ‘सिव्हिल’ म्हणतात ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, तिथे नेत्र आणि बालरोग दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा असतो, म्हणून पहाटेच निघा. सोबत डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, रेशनकार्ड, आधार. बाळाला टोपरं, दुपटं, आणि उन्हाचं सुती कापड डोक्यावर. दर दोन तासांनी पाजायचं, गाडी थांबवून पाजलं तरी चालेल. तुमच्यासाठी शिरा, डिंकाचा लाडू आणि पाणी बरोबर घ्या, तुम्ही ओली बाळंतीण आहात.

सासूबाईंचं काय? त्यांना मागे ठेवून, लपवून जाऊ नका. त्यांनी आयुष्यभर बाळं जपलेली आहेत, त्यांची भीती नातवाच्या मायेतूनच आली आहे. यजमानांना आधी हे सगळं वाचून दाखवा आणि आईशी त्यांना बोलू द्या. त्यांच्या तोंडून आलेलं सासूबाईंना सुनेच्या तोंडच्या बोलण्यापेक्षा लवकर पटेल. मग सासूबाईंना गाडीत बरोबर घ्या. बाळ त्यांच्याच मांडीवर असू दे. तपासताना डॉक्टरांना म्हणा, आजींनाही समजावून सांगा. धागे म्हणजे काय, ते का कापायचे, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं तर घरी परतल्यावर गल्लीतल्या चार जणींना त्याच सांगतील, आणि तुम्हाला कुणापुढे उत्तरं द्यावी लागणार नाहीत. ग्रहणाचा विषय डॉक्टरांसमोर त्यांनी स्वतःच काढला तर काढू द्या.

डॉक्टरांना तुम्ही हे विचारा: आतला डोळा दुसऱ्याइतकाच आहे का, मागचा पडदा बघितला का, हृदय आणि टाळू बघितली का, पुन्हा कधी यायचं. धागे कापून झाल्यावरही सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी आणि वर्षाच्या वेळी डोळे तपासून घ्या, डोळा अगदी छान दिसत असला तरी. साधारण दीड-दोन महिन्यांत बाळ तुमच्या चेहऱ्यावर नजर ठेवायला लागतं. तेव्हा खेळता-खेळता उजवा डोळा हाताने झाका आणि बघा. डाव्या डोळ्याने तुमच्याकडे बघत राहिला तर उत्तम. डावा झाकल्यावर गप्प आणि उजवा झाकला की चिडतो, मान फिरवतो, असं परत परत दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायला न्या.